खप

कटकात, बाराबतीच्या भिंतीलगत
गदाधर स्वाईं जर्स्या विकतो.
सामना उद्या, पण दोरी आजच बांधलेली,
दोरीवर निळाई,
काठजोडीवरून वारा आला की फुगतात
बिनडोक्याचे अकरा खेळाडू.

म्हणतो, मला खेळातलं विचारू नका, खप विचारा.
कोण मोठा आणि कोण उगाच मोठा केलेला
ते माझ्या वहीत आहे.
हा बघा. ह्याच्या नावाच्या तीनशे छापल्या,
दिवे लागायच्या आत दोनशे नव्वद गेल्या.
वर्षभरात काय केलं ह्याने?
एक जाहिरात बनियनची, एक पंख्याची,
आणि एक शतक, तेही हरलेल्या सामन्यात.
पण बाद झाल्यावर आकाशाकडे असा बघतो
की चूक आकाशाची वाटते.

पलीकडे बंशी राउताची दहीबऱ्याची हंडी.
तिच्याभोवती रोजची कचेरी भरते,
हातात पानांचे द्रोण, तोंडात निकाल.
"त्याला फुकट डोक्यावर घेतलाय."
"तू खेळलायस का कधी उसळता चेंडू?"
"सरासरी बघ की!"
"सरासरी काय चाटायचीय? वेळेला कोण उभा राहतो ते बघ."
आळूदमचा रस कोपरापर्यंत ओघळतो,
मत मात्र कुणाचं पातळ होत नाही.

गदाधर पोत्यात हात घालतो, खांद्यापर्यंत.
तळाशी पाच आहेत.
लाक्रा. एकसष्ट.
सुंदरगडचा इग्नेस लाक्रा,
डावखुरा, चार सामने, मग कुणी बोलावलं नाही.
आपल्याकडचा पोरगा, म्हणून मी पन्नास छापल्या.
त्या दिवशी त्याची दहा षटकं, अठ्ठावीस धावा,
बळी एकही नाही.
दुसऱ्या टोकाच्याला चार मिळाले,
दुसऱ्या टोकाच्याच्या दीडशे गेल्या.
अहो, दार ह्याने ओढून धरलं
म्हणून चोर त्याला सापडला!
पिकतं तिथे विकत नाही म्हणतात,
हे तर कुठेच विकलं नाही.

काही दोलपौर्णिमेला पोरांना रंग खेळायला दिल्या.
काहींनी बायको फरशी पुसते.
नाव अजून जात नाही.
छपाई चांगली होती.

मग बराच वेळ गप्प.
गिऱ्हाईक येतं, तीनशेतली एक जाते,
तो पैसे कपाळाला लावतो.
(मुलीची नर्सिंगची फी ह्याच बनियनवाल्याने भरली,
हेही तो लपवत नाही.)
मग हळूच म्हणतो,
खरं सांगू, लाक्राही कदाचित तेवढाच असेल.
चारच सामने. कोण जाणे.
न खपलेल्या मालाची
माणूस जरा जास्तच बाजू घेतो.

रात्री नऊला, दंव उतरताना,
राजगांगपूरच्या बसमधून एक पोरगा आला,
तिकिटासाठी रांगेत रात्र काढणारा,
अंगात पातळ सदरा, दात वाजत होते.
सगळ्यात स्वस्त कुठली?
गदाधरने लाक्रा उलगडली.
हा कोण, पोराने विचारलं.
गदाधरने तोंड उघडलं,
दहा षटकं, अठ्ठावीस धावा, सगळं जिभेवर आलं,
आणि म्हणाला, चाळीस रुपये.
सदऱ्यावर होईल ना?
होईल. मोठी आहे.

पोरगा रांगेत शिरला.
पुढे तीच नावं, मागे तीच नावं,
मध्ये एकसष्ट,
खांद्यातून ढगळ, थंडीने थोडं वाकलेलं.
बंशीने हंडी धुवायला घेतली होती.
तो ओरडला, अरे स्वाईं, तो बघ तुझा लाक्रा,
शेवटी संघात आला!

गदाधर हसला नाही.
दिव्याखाली वही धरून
त्याने पाचवर काट मारली,
चार लिहिले,
आणि पाय उंचावून पाहत राहिला
रांग पुढे सरकते का.