रकाने

दहावीच्या भूमितीच्या वहीत उरलेल्या पानावर
उर्वीनं रकाने आखलेत :
फी, अंतर, लॅब, शिक्षक, प्लेसमेंट,
आणि शेवटी एक नुसताच 'वाइब',
ज्यात मी काही बोलायचं नाही असं ठरलंय.

वाघोली.
दोन बस बदलून, खराडीला तासभर तुंबून.
आत काचेचा जिना, कॉफीचं मशीन,
मी एकटीच असून मॅडम मला 'पेरेंट्स' म्हणाल्या.
भिंतीवर पुरुषभर उंचीचा एका मुलीचा चेहरा,
विद्यार्थ्याचं काम, खाली बक्षिसाची पट्टी.
नाकाची सावली डावीकडे, हनुवटीची उजवीकडे.
मी विचारलं, "हिच्या गावाला दोन सूर्य आहेत का हो?"
मॅडम म्हणाल्या, फी चार हप्त्यांत भरता येते.
उर्वीनं माझं कोपर दाबलं.

लोणी.
कँटीनपर्यंत जायला बॅटरीची गाडी.
सगळं दाखवलं त्यांनी,
हिरवा पडदा, आवाज शोषणारी खोली
(तिथं माझ्या गुडघ्याची कटकट मला पहिल्यांदा नीट ऐकू आली),
वर्षाला सव्वातीन लाख. आणि बस वेगळी.
परतीच्या वाटेवर उर्वी हडपसरपर्यंत गप्प.
मीही गप्प. मी मनात बांगड्या मोजत होते.

नारायण पेठ.
'लिफ्ट चालू आहे. तरी जिना वापरावा.'
तिसऱ्या मजल्यावर टेबलाखाली एक मुलगा
दातांनी वायर सोलत होता.
म्हणाला, चार नंबरला बसू नका,
रेंडर लावलं की तो झोपतो.
मग कळलं, सर तेच.

रात्री जेवण झाल्यावर वही परत उघडली.
कुणाला तीन तारे, कुणाला साडेतीन,
अर्धा तारा तिनं इतक्या काटेकोर कापला होता
की मला हसू आलं, आणि मग
लक्ष्मी रोडवरचा तो स्टुडिओ आठवला,
माळ्यावरची उताराची काच, मागून बल्ब,
आणि मी, एकोणीस वर्षांची, महिना सातशे रुपये.
निगेटिव्हवर तीळ म्हणजे पांढरा ठिपका.
पेन्सिलीच्या टोकानं भरायचा,
दाबायचं नाही, रेघ ओढायची नाही,
नुसतं टोक टेकवायचं, शंभरदा, दीडशेदा.
छापून आलं की गाल कोरा.
अशा किती नवऱ्या मी उजळ केल्या.
एकच परत आली. करंजेकरांची सून.
काउंटरवर अल्बम उघडून म्हणाली,
"माझा तीळ कुठंय?"
मालक हसले. मी नाही हसले.
कापसाला स्पिरिट लावून
माझी सगळी दुपार पुसून काढली
आणि तिला तिचा तीळ परत दिला.

हे मी उर्वीला कधी सांगितलं नाही.
विचारायचं कारणच पडलं नाही तिला.
तिच्या स्क्रीनवर त्यासाठी एक चिकटपट्टीचं चित्र आहे,
टिचकी मारली की तीळ जातो,
दुसरी मारली की परत येतो.

तिन्हीकडे मला एकच विचारायचं होतं :
तीन वर्षांनी वाटलं की हे नव्हतंच हवं,
तर पुसायला तुमच्याकडे काय आहे?
नाही विचारलं. रकाना नव्हता त्याला.

ती पाणी प्यायला उठली तेव्हा मी वही ओढली.
पेन्सिल बोथट होती. ब्लेड घेतलं,
मग पॉलिश पेपरच्या तुकड्यावर फिरवत फिरवत
जुन्या सवयीनं सुईसारखं टोक काढलं,
आणि 'वाइब'च्या पुढे, समासात,
एक रकाना आखला. नाव नाही दिलं.

ती आली. रकाना तिला दिसलाच नाही.
पेन्सिल उचलून दिव्यापाशी धरली,
टोकावर अलगद बोट टेकवून पटकन मागं घेतलं.

"आई, हे कसं केलंस?"