सोमवारची सवारी

सोमवारी डोंग्याला गिऱ्हाईक नसतं.
सायत्रा म्हणाली, आज मले फिरव,
आणि पदराच्या गाठीतून तीस रुपये सोडून
वल्ह्याजवळ ठेवले.
मी घेतलेही.

मग नेहमीचं सुरू केलं :
हा किल्ल्याचा बुरूज, इथून तोफ पडली वैनगंगेत,
हा मगरखडक, मगर कुणी पाहिली नाही,
ते वाळूचं बेट, उन्हाळ्यात तिथे डांगरवाडी लागते,
नागपूरवाले इथे उभं राहून फोटो काढतात,
उभी राहू नको, डोंगा डुलतो.

ती हूं की चूं करेना.
बुरुजाकडे पाठ फिरवून बसली होती,
तेवीस वर्षं जिथे मासे चिरते
त्या घाटाकडे तोंड करून.

थो गोटा माहाच का?
हो.
एवढासाच?

गोट्यावर मांजर बसलं होतं,
बाजूला तिचं उपडं टोपलं.
उन्हं तिरपी आली तशी पायरीभर खवलं चमकली,
आणि मांजर उठून गेलं.

मी वल्हं पाण्यातच धरून ठेवलं.
कितीदा इथून गेलो,
कुणाला बोट करून हे दाखवलं नव्हतं.

काठाला लागल्यावर तिने हात पुढे केला :
दहा वापस दे.
बुरूज मी पायलाच नाही.