सात हजार आठशे वेढे

जयपाल मगदूमने ऑर्केस्ट्रा सोडून
तासगावला द्राक्षांच्या औषधांचं दुकान टाकलं,
तेव्हा ही गिटार मला दिली. चार हजार, हप्त्याने.
तेव्हापासूनच ती गुणगुणायची,
तारांना हात न लावता, फ्रिजसारखी.
निवेदक दम खायला थांबला
की सगळ्या मांडवाला ऐकू जायची.
मी म्हणायचो, इथली वीजच वाईट.
बारा वर्षं मी विजेलाच बोल लावला.

मग एक पिकअप मेला.
कुपवाडला शैलजा ऐनापुरे पाणबुडी मोटरी भरते.
बोटांना वार्निश, भिंतीवर उधारीची वही टांगलेली.
तिने पिकअप उलटा करून पाहिला.
"ही कसली मोटर? फिरत नाही की."
तार हलते, मी म्हटलं, आणि ही त्याची वीज करते.
"मग डायनामो म्हण की सरळ."

केसाहून बारीक तांबं.
पहिल्यांदा तुटलं नऊशेवर,
मग पाच हजारांवर. तिने शिवी गिळली,
शेजारी पोरगी पाढे लिहीत बसली होती.
जास्त वेढे घातले तर?
आवाज जाड होतो, टोक बोथट.
"तुझ्याच पोटासारखं," ती म्हणाली आणि परत सुरू झाली,
श्वास धरून, आकडा मोजणाऱ्या यंत्राकडे न बघता.
सात हजार आठशेवर थांबली.
त्यात शास्त्र काही नाही.
रीळ संपलं.

मिरजेत, सतारींच्या गल्लीत,
दस्तगीरचाचांनी मानेवरचं प्लास्टिक नखाने उचकटलं.
"हे काय, टूथब्रश?"
घोडीसाठी ठेवलेल्या हाडाचा उरलेला तुकडा
कानशीवर धरला. पांढरी भुकटी त्यांच्या लुंगीवर.
सहा खाचा, प्रत्येक वेगळ्या मापाची,
माप कुठेच लिहिलेलं नाही.
मग सवयीने विचारलं, "जवारी खोलू?"
नको चाचा, गिटारला ती भणभण चालत नाही.
ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले.
"म्हणजे आम्ही जी जन्मभर घासून घासून आणतो,
ती तू पैसे देऊन काढायला निघालास?"
मी चहाचे पैसे द्यायला उठलो.

बाकीचं घरी, रात्री.
गणपती पेठेतून आणलेले नवे पॉट,
एक हिरवा कपॅसिटर, चिंचोक्याएवढा.
पोकळीला आतून तांब्याचा पत्रा चिकटवला,
देवघराला लावतात तसा, पण कुणाला न दिसणारा.
आणि तिथे, धुळीत, ती काळी वायर.
घोडीखालची. अर्थिंगची.
कधी जोडलेलीच नव्हती.
सोल्डरचा एक थेंब. बारा वर्षं.
मी वीज कंपनीची मनात माफी मागितली,
पूर्ण नाही.

बटण दाबलं. काहीच नाही.
वाटलं, गेली.
मग खालची तार छेडली.
आधी लोखंडी कपाट सरकल्यासारखी वाजायची,
आता शिसवी पाट कुणी हलकेच ओढावा तशी.
वरची तार टोकापर्यंत वरचीच राहिली.
टोनचं बटण फिरवलं तर खरंच काही फिरत होतं.
आणि माझं तिसरं बोट
तार ओढताना पाव सूर आधीच थांबतं,
हेही ऐकू आलं. लख्ख.
इतकी वर्षं ते गुणगुणीच्या आडोशाला
बिनभाड्याने राहत होतं.

परवा आष्ट्याला हळदीचा कार्यक्रम.
निवेदक थांबला.
रत्नाकर कीबोर्डवरून वाकून म्हणाला, "तुझी बंद आहे का?"
नाही. चालू आहे.
मांडवामागे जनरेटर धडधडत होता,
कुणाच्या तरी कडेवरचं पोर जांभई देत होतं.
मी तार ओढली, नेहमीच्या जागी आलो,
आणि तिथून पुढे
अजून थोडं.