इतिवृत्त

माझगावच्या सेमिनरीत मी एकतीस वर्षं इतिवृत्त लिहिलं.
लघुलेखन, मिनिटाला शंभर शब्द.
त्या लिपीचं एक बरं असतं, ती अर्थ विचारत नाही.
आवाज आला की रेघ ओढायची,
जाड किंवा बारीक.

त्या मंगळवारी विषय क्रमांक चार :
रेव्हरंड हिज्कीया त्रिभुवन, नवे विश्वस्त,
चॅपेलमध्ये मुलांसमोर बोलून गेले होते
की पहाटे एकटे गुडघ्यावर असताना
त्यांच्या तोंडून अन्य भाषा निघते.
एवढंच. करून काही दाखवलं नव्हतं.

मकासरे, खजिनदार, म्हणाले : आज खोलीत, उद्या वर्गात.
कुणी म्हणालं : कुर्ल्याच्या हॉलमध्ये ड्रम वाजतात,
आपली निम्मी पोरं रविवारी तिकडं असतात.
कुणी घटना काढली. कलमात जिभेचा उल्लेख नव्हता.
देणगीदारांचा मात्र होता.
गोदीत एका बोटीनं लांब भोंगा दिला,
तो संपेपर्यंत सगळे थांबले.
पॅटिस थंड झाले होते.

त्रिभुवन उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं.
मी हे शिकवत नाही, म्हणाले,
शिकवता येतही नाही.
पण माझ्या खोलीचं दार
तुम्ही बाहेरून लावू नका.

हात वर झाले. सहा, सहा.
अध्यक्षांचं निर्णायक मत : प्राचार्य डॉ. शमुवेल गावित.
त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला,
आणि ठरावाच्या बाजूनं हात वर केला,
खांद्यापर्यंतच.

संध्याकाळी पत्र सांगायला बसले.
'आपल्या सेवेबद्दल मंडळ कृतज्ञ आहे', पूर्णविराम.
'तथापि'
आणि तथापिच्या पुढं काही येईना.
पंखा फिरत होता. कपाळ तळहातावर.
मग ओठ हलले, अगदी खालच्या पट्टीत,
पाण्यात भांडं बुडताना होतो तसा आवाज,
मराठी नव्हे, इंग्रजी नव्हे.
माझा हात सवयीनं चालत राहिला.
अकरा रेघा.

त्यांनी वर पाहिलं.
तथापिपर्यंत वाचा, म्हणाले.
मी तथापिपर्यंत वाचलं.

नवापूरकडची बोली असेल, त्यांच्या आईची.
ती गेली तेव्हा ते परीक्षेचे पेपर तपासत होते, असं ऐकलं होतं.
किंवा नुसता थकवा असेल.
मी विचारलं नाही.

पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं. दुरुस्ती : नाही.
त्रिभुवन वसईला गेले, तिथं शिकवण्या घेतात.
गावितसरांच्या मातीला ते आले होते,
मागं उभे होते, ओठ मिटून.

वही माझ्याकडे आहे, विक्रोळीला, कपाटात.
मधूनच ते पान उघडते, वाचून बघते मोठ्यानं.
जमत नाही.
घाईत आपण स्वर गाळतो,
हाताला तशीच शिस्त लावलेली असते;
वाक्य माहीत असलं की ते आपोआप भरतात.
इथं वाक्यच माहीत नाही.
नुसती व्यंजनं आहेत, अकरा,
आणि शेवटचीवर माझी पेन्सिल
जरा जास्त दाबली गेलेली.