बंडू७

गायत्रीनगरच्या ऑफिसात, मे महिना, रात्रीचे अकरा.
कूलर पाणी मागतोय
आणि स्क्रिप्ट नाव.

अकरा वर्षांचा कोड जुन्या सर्व्हरवरून
गिटमध्ये नेतोय.
प्रत्येक बदलामागे एक माणूस लागतो म्हणे:
पूर्ण नाव, ईमेल.
नऊ हजार चारशे सहाव्या नोंदीवर अडलं.
बंडू७.
कोण बे हा?

ढोमणेला उठवलं, तो आता पुण्यात:
"इंटर्न होता ना तो, सावनेरचा. दोनच महिने.
डब्यातली सांबारवडी वाटायचा."
नाव?
"नाही आठवत यार."

त्याची नोंद एकच:
'तात्पुरतं केलंय, नंतर नीट करतो.'
ती ओळ अजून चालते.
सगळी बिलं तिच्यावरच निघतात.

नावाच्या जागी मी सावनेर लिहिलं.
स्क्रिप्ट सरकली पुढे.
उठून कूलरमध्ये
दोन बादल्या ओतल्या.