दिवा हिरवा आहे का?

जोगीहळ्ळीच्या ग्रामपंचायतीत
माझ्या खुर्चीच्या वर, भिंतीवर
एक पांढरा डबा आहे.
तालुक्याहून दर सोमवारी फोन येतो:
मॅडम, दिवा हिरवा आहे का?
मी मान वर करून बघते. लाल.
बरं, लाल लिहितो, म्हणतो तो.
आवाजावरून पोरगाच वाटतो,
सर्दी असते त्याला नेहमी.

निधी मंजूर झाला तेव्हा पाटी आधी आली.
पाटीवर कोटींचा आकडा, खाली गावाचं नाव,
त्यातला एक ळ गाळलेला.
मग रस्त्याकडेनं चर खणत माणसं आली.
कागदावर पाच फूट,
मुरूम लागला की दोन फूट,
खडक लागला की चहा.
चरात नारिंगी नळी, नळीत तार,
तारेत म्हणे केसाएवढी काच
आणि काचेतून उजेड पळणार.
शिवलिंगव्वा म्हणाली, उजेडच आणताय
तर मसणवाटेला एक बल्ब तेवढा लावा.

चौदा दिवस दिवा हिरवा होता.
एकाच दुपारी एकोणतीस दाखले निघाले,
प्रिंटरची शाई संपली म्हणून थांबलो.
सिद्रामनं डाळिंबाचं पान फोनसमोर धरलं,
पलीकडून बाई म्हणाल्या, जवळ आणा, अजून,
तेल्या नाही हो, उन्हानं करपलंय.
औषधाचे चार हजार वाचले म्हणून
त्यानं पंचायतीत पेढे वाटले.
रात्री भिंतीला पाठ लावून पोरं बसायची,
तोंडं निळी, मच्छरांचं भान नाही.

मग पाणी योजनेचा जेसीबी आला.
तोही सरकारचा, तोही निधीचा.
कोंबडीनं गांडूळ ओढावं
तशी त्यानं नारिंगी नळी वर ओढली
आणि पुढं गेला.

तक्रार ऑनलाइनच करायची असते.
म्हणून मी पाण्याच्या टाकीवर चढले,
बहात्तर पायऱ्या, पदर खोचून.
वर दोन काड्या येतात रेंजच्या.
तुटलेल्या तारेचा फोटो जोडा, म्हणाला अर्ज.
फोटो गोल गोल फिरत राहिला.
लांब वीज प्रकल्पाच्या चिमण्या,
खाली कुणीतरी वाळत घातलेल्या शेंगा,
आणि मी, सरकारी नोकर नसलेली
सरकारी माणूस,
मोबाइल आभाळाकडं धरून.

सात महिन्यांनी अल्ताफ नदाफ आला,
मोटरसायकलला पेटी बांधून, सोलापूरहून.
धूळ नको म्हणून मला छत्री धरायला लावली.
नाना येऊन शेजारी उकिडवे बसले.
अशोक चौकात तेवीस वर्षं
टॉवेलच्या मागावर काढलीत त्यांनी,
तुटलेलं काही दिसलं की बोटं आपोआप हलतात.
थुंकी लाव, पीळ दे, गाठ मार, म्हणाले.
काका, काचेला गाठ बसत नाय.
टोकाला टोक भिडवायचं आणि वितळवायचं.
इवलुशा पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली,
चमकलं काहीतरी, आणि एकच रेघ उरली.
किती धागे?
चोवीस. तुमच्या गावाला दोनच, बाकी पुढच्यांचे.
नानांनी चोवीसच्या चोवीस मोजले.
गाठ दिसत नाही, म्हणाले शेवटी.
आमच्यात दिसली की पगारातनं कापायचे.
अल्ताफ हसला.
आमचे आजोबा कापूस पिंजायचे, काका.
मार्चपासनं बिल अडकलंय माझं,
ठेकेदाराच्या ठेकेदाराकडं.
भाकरी खाऊन गेला. पेट्रोलला शंभर दिले,
ते कुठल्या खात्यात दाखवू, कळत नाही.

सोमवारी फोन आला.
हिरवा, मी म्हणाले.
पलीकडं जरा वेळ नुसतं नाक ओढणं.
मग तो म्हणाला, मॅडम, नक्की ना?
मी परत वर बघितलं.

नानांनी जोडाच्या जागेवर दगड रचलेत,
त्यावर चुन्याचं बोट ओढलंय.
जेसीबी अजून गावातच आहे.
शाळेमागं उभा असतो,
दातांत माती.