आहेर

दाढेसाठी दिलेल्या गोळ्या दहा दिवस घेतल्या.
दाढ राहिली. पोट गेलं.
दिवसातून बारा-बारा वेळा उठायची मी,
आणि ओउलूबाहेर समुद्र गोठत गेला,
जानेवारी, मग फेब्रुवारी,
मग मी पडदा उघडायचंच सोडलं.
रडू यायचं, तेही कारण न सांगता.

डॉक्टर लेहतोवारा बाईंनी कागदावर एक रान काढलं,
बर्च, पाइन, खाली शेवाळ, अळंबी,
मग रबराने सगळं पुसून एकच काटेरी झुडूप ठेवलं.
"हे तुमचं आतडं.
आता दुसऱ्या कुणाचं रान आणून पेरावं लागेल."
"आणि मन?"
"मनाचं मी नाही सांगत. पोटाचं सांगते.
दोघांमधून एक तार जाते, एवढं नक्की."
दाता निरोगी हवा. घरातला चालेल.

घरात होतं कोण?
एक बहीण, आउने, केमीला.
नऊ वर्षांचा अबोला.
वडिलांची तळ्याकाठची सौना तिने परस्पर विकली,
ते माझ्या पोटात तसंच पडून होतं, न पचलेलं.

ती आली.
रक्त दिलं, सतरा पानी प्रश्नांची उत्तरं दिली,
आणि एका सकाळी सात वाजता
पांढरा डबा वर्तमानपत्रात गुंडाळून,
स्वेटरखाली पोटाशी धरून
(बाहेर उणे अठ्ठावीस, गोठायला नको म्हणून)
जे आणायचं ते घेऊन आली.
असला आहेर कुणी कुणाला केलाय?

नळी आत जाताना आठवलं ते आईचं विली,
तार सुटणारं, चमच्याला लोंबणारं दही.
घर सोडताना दोघींना तिने
एकेका बाटलीत विरजण दिलं होतं.
माझं मी पहिल्याच हिवाळ्यात मारलं.
आउनेचं अजून लागतं, रोज रात्री.
म्हणजे आता या नळीतून,
इतक्या वळणांनी...
मला हसू फुटलं.
हलू नका, नर्स म्हणाली.

आठव्या दिवशी पडदा उघडला.
तिच्यामुळे, की ऊन परतलं म्हणून, कोण सांगणार?
भूक लागली होती, एवढं खरं.
राईचा पाव, जाड लोणी, उभ्याउभ्या.

मग फोन केला.
"सौनाचं ते," ती चाचरत म्हणाली,
"पोटात घाल आता."
"आता काय घालायचं राहिलंय?"
पलीकडे ती इतकी हसली की ठसका लागला.
मग दोघी गप्प.
मग तिने विचारलं,
दाढ कशी आहे?